लापवाईचा छापखाना

खिळे जुळवणाऱ्याला अक्षरं उलटी वाचता यावी लागतात. लहानपणी आमच्या गल्लीत ट्रेडलवर लग्नपत्रिका छापणारे एक जुळारी काका होते. हातातल्या स्टिकमधली उलटी ओळ ते गाथेतला अभंग म्हणावा तशी घडाघडा वाचत, आणि मला ती जादूच वाटे. काकांना निदान मराठी येत होतं. १८३९ च्या मे महिन्यात, आज अमेरिकेच्या आयडाहो राज्यात असलेल्या लापवाई नावाच्या ठिकाणी, एडविन हॉल नावाचा एक जुळारी जी भाषा जुळवत बसला होता, ती त्याला उलटी तर सोडाच, सुलटीही येत नव्हती. त्याच्या आधी ती कुणीच जुळवली नव्हती. त्या भाषेतलं एक अक्षरही जगात कुठे छापलेलं नव्हतं.

१३ मे रोजी घोड्यांच्या पाठीवरून छापखाना लापवाईत पोचला. १६ तारखेला उभा राहिला, १८ ला पहिलं प्रूफ निघालं आणि २४ तारखेपर्यंत आठ पानांच्या एका पुस्तकाच्या चारशे प्रती तयार झाल्या. नाव 'नेझ पर्सांचं पहिलं पुस्तक', मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी. अमेरिकेच्या अख्ख्या वायव्य मुलखातला हा पहिला छापखाना आणि पहिलं छापील पुस्तक. मजकूर तयार केला होता तिथल्या पाद्र्यानं, रेव्हरंड हेन्री हार्मन स्पॉल्डिंग यांनी. हा मागोवा त्या यंत्राचा आहे. स्पॉल्डिंग कुटुंबावर स्वतंत्रपणे लिहायचं म्हटलं तर इतकं उलटसुलट लिहिलं गेलंय की बुद्धी चक्रावते. यंत्राचं बोट धरलं की वाट सापडते.

यंत्राचं कूळ फिलाडेल्फियाचं. तिथे ॲडम रॅमेज नावाचा स्कॉटिश सुतार छापखाने बनवायचा. सांगाडा लाकडी, कामाचे भाग लोखंडी. गुटेनबर्गपासून चालत आलेलं मळसूत्र रॅमेजनं जाड केलं आणि त्याचे आटे बदलले, त्यामुळे दांडा ओढला की दाब जास्त बसे. त्याचे लहान छापखाने घोड्यावर, गलबतावर, बैलगाडीत कशातही मावत. म्हणून जिथे रस्ता संपतो तिथे रॅमेज दिसतो. कॅलिफोर्निया मेक्सिकोकडे होता तेव्हा, १८३४ मध्ये माँटेरेला ऑगस्टीन झामोरानोनं चालवला तो रॅमेजच, आणि हवाईत मिशनऱ्यांनी १८२० मध्ये उतरवला तोही रॅमेजच.

लापवाईचा छापखाना हवाईहूनच आला. हवाईत ज्यावर १८२२ साली पहिलं पान छापलं तेच हे यंत्र, अशी आख्यायिका फार वर्षं चालली. आजही ती अधूनमधून छापून येते. १९२२ च्या सुमारास हॉवर्ड बॅलू या अभ्यासकानं हिशेबाच्या वह्या तपासून ती खोडून काढली. यंत्र रॅमेजचंच, पण वेगळं, मागून आलेलं. मला मात्र यंत्राच्या वयापेक्षा ते दिलं कुणी याचं नवल वाटतं. होनोलुलूमध्ये हायरम बिंगम यांचं जे चर्च होतं, तिथल्या मंडळींनी ते ओरेगॉनच्या मिशनला भेट दिलं. ज्यांच्या भाषेला स्वतःची अक्षरं मिळून वीस वर्षंही झाली नव्हती, त्यांनी ती पुढच्या माणसांकडे सरकवली. खिळे, कागद, बांधणीची हत्यारं, सगळं सोबत. आणि हॉलही सोबत आला, आजारी बायकोला घेऊन. तिला घोड्यावर बसवेना, म्हणून तिला नदीतून होडीनं नेलं. यंत्र घोड्यावर आणि बाई होडीत, असा तो प्रवास.

आता ज्यांच्या दारात ते यंत्र उतरलं त्यांच्याकडे वळू.

हेन्री स्पॉल्डिंगचा जन्म १८०३ चा, न्यूयॉर्क राज्यातला. आईबापाचं लग्न झालेलं नव्हतं, मूल दुसऱ्यांच्या घरी वाढलं. हा सल त्यानं आयुष्यभर बाळगला असं त्याचा चरित्रकार क्लिफर्ड ड्रुरी सांगतो, आणि पुढची त्याची वागणूक पाहता ते पटतं. शिकायला उशीर झाला, पैसे नव्हते. सिनसिनाटीच्या लेन सेमिनरीत धर्मशास्त्र शिकला. नार्सिसा प्रेंटिस नावाच्या मुलीला त्यानं मागणी घातली होती आणि तिनं नकार दिला होता, असं सगळीकडे नोंदलंय. १८३३ मध्ये त्यानं इलायझा हार्टशी लग्न केलं. ती कनेक्टिकटची, किडकिडीत, कमी बोलणारी. चित्रं काढणारी, सूत कातणारी, चटकन भाषा उचलणारी. नार्सिसानं लग्न केलं डॉक्टर मार्कस व्हिटमनशी. आणि मग अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेनं या दोन जोडप्यांना एकाच मोहिमेवर धाडलं. आपण नाकारलेल्या माणसासोबत चार हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास एकाच तंबूत करायचा, याची कल्पनाच केलेली बरी.

४ जुलै १८३६ रोजी हे लोक साउथ पास नावाची खिंड ओलांडून रॉकी पर्वताच्या पलीकडे उतरले. या दोन बायका म्हणजे ती वाट ओलांडणाऱ्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया. शाळेच्या पुस्तकांतून हे वाक्य अमेरिकन मुलं घोकत आली. इलायझाचं पहिलं मूल आदल्या वर्षी मृत जन्मलं होतं, तिची तब्येत सावरलेली नव्हती, आणि वाटेत बायसनचं वाळवलेलं मांस तिच्या पोटात टिकत नव्हतं, हे पुस्तकात सहसा येत नाही. हेन्रीनं एक हलकी गाडी सोबत घेतली होती. पुढे तिचा आस मोडला, तेव्हा चार चाकांची दोन चाकी झाली, आणि फोर्ट बॉइसीला पोचल्यावर तीही सोडून द्यावी लागली.

व्हिटमन जोडपं कायूस जमातीत, वाईलाटपू इथे राहिलं. स्पॉल्डिंग त्यांच्यापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, क्लिअरवॉटर नदीला मिळणाऱ्या लापवाई ओढ्याकाठी. लापवाई म्हणजे फुलपाखरांची जागा. इथले लोक स्वतःला निमीपू म्हणवतात. फ्रेंच व्यापाऱ्यांनी ठेवलेलं 'नेझ पर्स', म्हणजे टोचलेल्या नाकाचे, हे नाव जगानं उचललं. निमीपूंनी नदीतून वाहत आलेले ओंडके खांद्यावरून आणले आणि ४२ फूट लांब, १८ फूट रुंद असं घर उभं राहिलं. एका टोकाला संसार, उरलेल्यात शाळा आणि देऊळ. दीडएक वर्षात डासांना आणि उकाड्याला कंटाळून ते तिथून खाली नदीकाठी सरकले.

इथे एक प्रश्न येतो: निमीपूंना पुस्तक हवं होतं का? १८३१ मध्ये त्यांच्यातले चौघे डोंगर ओलांडून सेंट लुइसला गेले होते, जनरल विल्यम क्लार्ककडे. दोघं तिथेच वारले. ते गोऱ्यांच्या देवाचा ग्रंथ मागायला आले होते अशी बातमी १८३३ मध्ये एका मेथडिस्ट पत्रात छापून आली आणि अख्खी ईशान्य अमेरिका पेटून उठली. स्पॉल्डिंग-व्हिटमन त्याच लाटेवर आले. चौघांना नेमकं काय हवं होतं यावर इतिहासकार अजून भांडतात. दुभाषा धड नव्हता, आणि बातमी देणारा त्यांना भेटलासुद्धा नव्हता. बंदुकीची, लोखंडी भांड्यांची, औषधांची जी ताकद गोऱ्यांत दिसत होती तिचं मूळ त्या पुस्तकात असावं, असा त्यांचा कयास असेल, तर त्यात भोळेपणा मला दिसत नाही. गोरे स्वतःच तसं सांगत होते.

छापखाना येण्याआधीची दोन-अडीच वर्षं इलायझानं पुस्तकं हातानं लिहिली. ती अक्षरं काढी, चित्रं काढी. मोठी माणसं आणि मुलं ती पानं उतरवून घेत आणि आपल्या तळावर जाऊन दुसऱ्यांना शिकवत. वर्गात कधी कधी शंभरावर माणसं असत. हेन्रीपेक्षा तिला भाषा लवकर आली, आणि निमीपूंचा तिच्यावर जास्त जीव होता, हे हेन्रीचे शत्रूही मान्य करतात. हेन्रीला शत्रू फार होते.

आता थोडं आपल्याकडे यायला हवं, कारण हे बोर्ड आपल्या ओळखीचं आहे. बॉस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डानं स्पॉल्डिंगला लापवाईला पाठवलं, त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले होते. हा हॉल लापवाईच्या हॉलहून वेगळा. त्यांच्या मुंबईच्या छापखान्यातून मार्च १८१७ मध्ये पहिली मराठी पुस्तिका निघाली, तीही आठ पानांचीच. खिळे कलकत्त्याहून आणलेले होते. पुढे याच छापखान्यात टॉमस ग्रॅहमनं देवनागरीचे सुबक साचे कोरले आणि त्याच्या हाताखाली जावजी दादाजी चौधरी नावाचा पोरगा खिळे घासता घासता कसब शिकला. त्यानं पुढे निर्णयसागर काढला. लापवाईला पहिलं पान छापलं त्याच १८३९ मध्ये जावजींचा जन्म. योगायोगच, पण एक फरक त्यातून नजरेत भरतो. मुंबईत मिशनऱ्यांना अक्षरं द्यायची नव्हती, घ्यायची होती. बाळबोध होती, मोडी होती, पोथ्या होत्या, आणि चुका काढायला शास्त्री बसलेले होते. म्हणूनच तो छापखाना मिशनच्या हातातून निसटून आपला होऊ शकला. लापवाईला चुका काढणारं कोणी नव्हतं. पाद्री लिहील ते अक्षर आणि पाद्री म्हणेल तो उच्चार.

आणि पाद्री चुकला.

निमीपू भाषेत ब, ड, ग यांच्यासारखे काही ध्वनी नाहीत. म्हणजे रोमन लिपीतली ती व्यंजनं रिकामी पडतात. स्वर मात्र इंग्रजीच्या पाच चिन्हांत बसत नाहीत. स्पॉल्डिंगनं हिशेबी डोकं चालवलं आणि रिकाम्या व्यंजनांना स्वरांच्या कामाला लावलं. म्हणजे मराठीत कुणी 'ळ' मोकळा बसलाय म्हणून त्याला 'ऐ'च्या जागी उभा करावा, तसं झालं. काटकसर म्हणून ठीक, पण एकदा ही सवय लागलेल्या मुलाला पुढे दुसरं कुठलंही रोमन अक्षर वाचता येणार नव्हतं. पुस्तक छापून दोन महिने होतात न होतात तोच मिशनरींच्या बैठकीत त्याचे वाभाडे निघाले. हवाईत चाललेली, जॉन पिकरिंगच्या पद्धतीची अक्षरं घ्यायची ठरली. चारशे प्रती बाद झाल्या.

ते वाभाडे काढण्यात एसा स्मिथ पुढे होता. हा नवा पाद्री, नदीच्या वरच्या अंगाला कामाया इथे राहायचा. चिडखोर, बायको आजारी, घर गळकं. पण कानाचा पक्का. त्याला भाषा शिकवली हल्लाल्होत्सूत नावाच्या निमीपूनं. बोलण्यात तरबेज म्हणून गोरे त्याला 'लॉयर' म्हणत. हे नाव लक्षात ठेवा. त्या शिकवणीतून १८४० मध्ये ५२ पानांचं वाचनपुस्तक निघालं, आठशे प्रती. भाषेच्या दृष्टीनं या छापखान्याचं ते सगळ्यात चोख काम. पण स्मिथला कामायाच्या हवेपेक्षा स्पॉल्डिंग जास्त बाधला. त्यानं बॉस्टनला लांबलचक पत्रं लिहिली. इतरांनीही लिहिली. मिशनरी एकमेकांशी बोलत नाहीत, स्पॉल्डिंग तापट आहे, वगैरे. १८४२ मध्ये बोर्डाचा हुकूम आला: लापवाई बंद, स्पॉल्डिंगनं परत यावं. तो हुकूम फिरवून घ्यायला व्हिटमन ऐन हिवाळ्यात घोड्यावर बसून पूर्वेकडे निघाला. म्हणजे नार्सिसाचा नवरा, तिनं नाकारलेल्या माणसाची नोकरी वाचवायला. हुकूम फिरला. याच घोडदौडीची पुढे स्पॉल्डिंगनंच एक भलतीच दंतकथा केली, की व्हिटमन ओरेगॉन इंग्रजांच्या घशातून सोडवायला राष्ट्राध्यक्षांकडे गेला होता. ती विसाव्या शतकाच्या तोंडावर इतिहासकारांनी निकालात काढली.

१८३९ ला परत येऊ, कारण तिथे एक दिवस राहून गेला. पहिलं पुस्तक छापून महिना झाला होता. २३ जून रोजी व्हिटमनांची एकुलती एक मुलगी ॲलिस नदीवर पाणी आणायला गेली आणि बुडाली. सव्वादोन वर्षांची होती. अंत्यविधीला स्पॉल्डिंग गेला, प्रवचन त्यानंच केलं. लापवाईच्या घरात तेव्हा दीड वर्षांची इलायझा होती, आईचंच नाव ठेवलेली. मागून मुलगा हेन्री झाला, मग मार्था, मग अमेलिया. चारही मुलं जगली. त्या काळच्या त्या मुलखात हे मोठंच नशीब. थोरली इलायझा निमीपू पोरांत वाढली, त्यामुळे तिला दोन मातृभाषा होत्या म्हणायला हरकत नाही.

छापखान्यातून मग काय काय निघालं? स्पोकन भाषेचं एक छोटं वाचनपुस्तक, १६ पानांचं. भजनांचं पुस्तक. आणि कायदे. १८४२ च्या डिसेंबरात सरकारी एजंट एलिजा व्हाइट लापवाईला आला आणि त्यानं निमीपूंना कलमं वाचून दाखवली. खुनाला फाशी. कुणाच्या शेतात शिरून पिकाची नासाडी केली तर नुकसानभरपाई आणि वर २५ फटके. कुत्र्यानं कोकरू मारलं तर मालकानं भरपाई द्यायची आणि कुत्रं मारून टाकायचं. ही कलमं निमीपू भाषेत करून याच यंत्रावर छापली. एखाद्या भाषेच्या छपाईला चार वर्षंही झाली नाहीत, आणि तिच्यात कुंपण, नुकसानभरपाई आणि फटके या गोष्टी छापील स्वरूपात आल्या. फटक्यांची सवय मात्र कलमांच्या आधीची होती. स्पॉल्डिंगनं माणसांना चाबकानं मारवलं होतं, हे त्याच्याच सहकाऱ्यांच्या पत्रांत आहे. त्याची बाजू घेणारे म्हणतात, तेव्हा शाळेतही मारत. मारत असतील. पण शाळेतल्या पोराला आपली जमीन हेडमास्तरकडे गेल्याचं दुःख नसतं.

त्याच माणसानं निमीपूंना बटाटे, गहू आणि मटार लावायला शिकवलं, गिरणी उभी केली, मेंढ्या आणल्या, आणि इलायझानं बायकांना सूत कातायला शिकवलं. अमेरिकन बोर्डाचे मोठे लोक या नांगराबद्दल नाराज होते. आधी धर्म, मग शेती, असं त्यांचं म्हणणं. स्पॉल्डिंगचं म्हणणं, माणसं शिकारीसाठी वर्षातून सहा महिने फिरत राहिली तर शाळेत बसणार कोण. खरं तर इथेच दोघांचंही बिंग फुटतं. छापील पुस्तकाला एका जागी बसलेला वाचक लागतो, आणि वाचक बसवायचा म्हटलं की डोंगर, बायसन आणि घोडे यांच्यावरून त्याला उठवावं लागतं.

१८४५ मध्ये यंत्रानं आपलं सगळ्यात मोठं काम केलं: निमीपू भाषेतलं मत्तयाचं शुभवर्तमान, १३० पानं. जुळारी होता मेदार फ्वाझी नावाचा फ्रेंच कॅनडियन. त्याच सुमारास इलायझानं सहा फूट लांबीचा कागद रंगवला. शाई आणि झाडपाल्याचे, बोरांचे रंग. कॅथलिक पाद्री ब्लँशेनं आधी एक 'शिडी' काढली होती. जगाच्या उत्पत्तीपासून आजपर्यंतचा धर्माचा इतिहास रेघांत आणि ठिपक्यांत, वाचता न येणाऱ्यांसाठी. तिच्यात प्रॉटेस्टंटांची फांदी वाळकी होती. इलायझाच्या शिडीत वाट चुकून आगीत पडणारा माणूस पोप आहे. शांत, प्रेमळ इलायझाचीच ही कारागिरी. निमीपूंसमोर दोन कागद उलगडले गेले, आणि प्रत्येकात दुसरा नरकात जात होता.

१८४६ मध्ये छापखाना कोलंबिया नदीकाठी डॅल्स इथे हलवला गेला. लापवाई त्यानं पुन्हा पाहिली नाही. आणि त्यामुळे पुढच्या वर्षीच्या प्रलयातून तो वाचला.

पुढच्या वर्षी गोवर आला. ओरेगॉनच्या वाटेवरून वॅगनींच्या रांगा येत होत्या, त्यांच्याबरोबर. व्हिटमनच्या औषधानं गोऱ्यांची पोरं बरी होत आणि कायूसांची मरत; जवळजवळ अर्धी जमात गेली. डॉक्टर विष देतो असा संशय पसरला. २९ नोव्हेंबर १८४७ ला कायूसांनी वाईलाटपूवर हल्ला केला. मार्कस, नार्सिसा आणि आणखी डझनभर माणसं मारली गेली. दहा वर्षांची इलायझा स्पॉल्डिंग तिथेच होती. बापानं थोड्याच दिवसांपूर्वी तिला शाळेसाठी तिथे पोचवलं होतं. कैद झालेल्यांत स्थानिक भाषा जाणणारी ती एकटी. महिनाभर त्या पोरीनं दुभाषाचं काम केलं. मारणाऱ्यांचं बोलणं जिवंत राहिलेल्यांना सांगायचं आणि त्यांचं बोलणं मारणाऱ्यांना. पुढे म्हातारपणी, १९१६ मध्ये, तिनं आठवणींचं पुस्तक छापलं.

हेन्री त्या वेळी उमाटिला भागात होता. परत येताना वाटेत त्याला गाठलं फादर ब्रूयेनं. हा कॅथलिक पाद्री, वाईलाटपूच्या मृतांना माती देऊन निघालेला. त्यानं हेन्रीला सावध केलं, तसाच पळ म्हणाला. हेन्री रात्रीचा चालत, घोडा गमावून, अखेरीला अनवाणी, दिवसांमागून दिवस लपत लापवाईला पोचला. इलायझाला आणि धाकट्या मुलांना निमीपूंनी सांभाळलं होतं. हडसन्स बे कंपनीच्या पीटर ऑग्डेननं ब्लँकेटं, सदरे, बंदुका, दारूगोळा आणि तंबाखू मोजून कैदी सोडवले. १८५० मध्ये पाच कायूसांना ओरेगॉन सिटीत फाशी दिली.

आता यंत्राची कथा कडू होते. डॅल्सचा छापखाना १८४८ मध्ये रेव्हरंड जे. एस. ग्रिफिन याच्या हाती आला. त्यानं टुअलाटिनच्या मैदानात त्यावर एक पाक्षिक काढलं, आठ अंक निघाले. स्पॉल्डिंगनं त्यात लिहिलं की कत्तलीमागे कॅथलिक पाद्री होते. ज्याच्या एका शब्दानं जीव वाचला त्याच्यावरच आरोप, आणि निमीपूंना अक्षरं शिकवणाऱ्या खिळ्यांनीच. हातातला खिळा काय जुळवतो ते खिळ्याला कळत नसतं, आणि इथे ते जुळवणाऱ्यालाही कळत नव्हतं असं म्हणावंसं वाटतं. पण त्याला कळत होतं. इलायझा ७ जानेवारी १८५१ ला, ब्राउन्सव्हिलजवळ, ४३ व्या वर्षी वारली तेव्हा तिच्या थडग्याच्या दगडावरही त्यानं जेझुइटांवर ठपका कोरवला. १८७१ मध्ये त्याच आरोपांचं बाड अमेरिकन सेनेटकडून सरकारी दस्तऐवज म्हणून छापून घेतलं. यात मला क्रौर्याहून जास्त दुःख दिसतं, पण दुःखाचं हे रूप दुसऱ्यांना महाग पडतं.

१८६३ मध्ये सरकारनं निमीपूंकडून नवा करार करून घेतला. १८५५ च्या करारातली जमीन साधारण दहाव्या हिश्श्यावर आली. सही करणाऱ्यांत होता लॉयर, स्मिथला भाषा शिकवणारा. आणि तिमथी, १७ नोव्हेंबर १८३९ ला स्पॉल्डिंगनं ज्या दोघांना चर्चमध्ये घेतलं त्यांतला एक. दुसरा होता तुएकाकास, बाप्तिस्म्याचं नाव जोसेफ. त्यानं सही केली नाही. सांगतात की त्यानं करार फाडला आणि सोबत इतकी वर्षं जपलेलं शुभवर्तमानही फाडलं. ते फ्वाझीनं जुळवलेलं मत्तयाचंच असणार. दुसरं छापलंच नव्हतं. त्याच्या मुलानं, चीफ जोसेफनं, १८७७ मध्ये आपल्या माणसांना घेऊन कॅनडाकडे धाव घेतली आणि सरहद्दीच्या अलीकडे बेअर पॉच्या बर्फात बंदूक खाली ठेवली.

म्हातारा हेन्री तो दिवस पाहायला नव्हता. दुसरी बायको रेचल हिच्यासह संसार केला, पुन्हा लापवाईला गेला, काढला गेला, १८७१ मध्ये पुन्हा गेला आणि शेवटच्या तीन वर्षांत पूर्वी कधी नव्हे एवढे बाप्तिस्मे केले. ३ ऑगस्ट १८७४ ला तिथेच वारला. १९१३ मध्ये इलायझाची हाडं ब्राउन्सव्हिलहून उकरून त्याच्या शेजारी आणली.

लापवाईहून एक गोष्ट उलट्या दिशेनंही गेली होती. १८४० च्या दशकातच स्पॉल्डिंगनं निमीपूंचे कातडी पोशाख, मण्यांचं काम, खोगिरं अशी दोन पिंपं भरून ओहायोतल्या डडली ॲलन या मित्राकडे पाठवली, आणि बदल्यात ॲलननं मिशनसाठी सामान धाडलं. त्या वस्तू पुढे ओहायोच्या इतिहास संस्थेत जाऊन पडल्या. १९९६ मध्ये निमीपूंनी वर्गणी काढून त्या ६,०८,१०० डॉलरना विकत घेतल्या. २०२१ मध्ये संस्थेनं ते पैसे परत केले.

छापखाना आता पोर्टलंडला ओरेगॉन हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. इलायझाची शिडीही तिथेच. निमीपू अस्खलित बोलणारे मूठभर उरलेत. हारुओ आओकी या जपानी अभ्यासकानं १९९४ मध्ये त्यांच्या भाषेचा भला मोठा कोश छापला, त्यात ज्या ध्वनींना हेन्रीनं व्यंजनं नेसवली होती त्यांना त्यांची चिन्हं मिळाली.

आणि त्या बाद झालेल्या चारशे प्रती? फेकायला कागद स्वस्त नव्हता. त्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट १८३९ मध्ये, सुधारलेल्या अक्षरांचं २० पानांचं दुसरं पुस्तक बांधायला घेतलं, तेव्हा पुठ्ठ्याला जाडी आणायला जुनी पानं एकावर एक खळीनं चिकटवली. पुढे कधीतरी कुणीतरी एक पुठ्ठा भिजवून उकलला, तेव्हा आतून ते पहिलं पुस्तक निघालं.